फ्लॅशची कॉर्ड म्हणजे नुसती वायर नव्हे

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून हातात किंवा स्टँडवर घ्यायचं आणि कॅमेऱ्याशी कॉर्डने जोडायचं मनात आलं की नवख्याला एक सल्ला हमखास मिळतो. गेली काही वर्षं तो एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर फिरतोच आहे. गोषवारा असा: ‘कॉर्डमध्ये असतात फक्त दोन तारा. जी बसेल ती चालते. आखूडच घ्या, लांब कॉर्डमध्ये फ्लॅशची ताकद कमी होते. घरातला जुना फ्लॅश कॉर्डवर बिनधास्त लावा, कॅमेऱ्याला धोका नाही. आणि खरं तर बिनतारी ट्रिगर इतके स्वस्त झालेत की कॉर्ड हवीच कशाला?’

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. नुकताच कॅमेरा घेतलेल्या मुलामुलींचे पैसे या सल्ल्यापायी वाया जाताना मी पाहिलेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘फक्त दोन तारा.’ दोन तारांची कॉर्ड असते, नाही असं नाही. तिला सिंक कॉर्ड किंवा पीसी कॉर्ड म्हणतात. या पीसीचा संगणकाशी संबंध नाही. प्रॉन्टोर आणि कॉम्पुर या जुन्या जर्मन शटरांची ती आद्याक्षरं. ही कॉर्ड फ्लॅशला एकच गोष्ट सांगते: आता पेट. किती पेटायचं ते तुम्ही हाताने ठरवायचं. फ्लॅश स्टँडवर, माणूस खुर्चीत, दोघंही हलणार नाहीत, अशा कामाला ती पुरते आणि स्वस्तही पडते. तिथे महागडी कॉर्ड घेऊ नका, हे मी मनापासून सांगते.

पण आपला फ्लॅश उलटा करून त्याचा पाय एकदा नीट बघा. मध्ये एक जाड पिन आणि तिच्या आसपास बारीक पिना: कॅननला चार, निकॉनला तीन. पेटण्याचा हुकूम मधल्या पिनेतून जातो. बाकीचं सगळं बोलणं बारीक पिनांतून होतं. शटर उघडण्याआधीच्या चाचणीच्या झोतावरून कॅमेऱ्याने काढलेला प्रकाशाचा हिशोब, लेन्सचा झूम, हाय-स्पीड सिंक (म्हणजे खूप वेगवान शटरवरही फ्लॅश चालवणं), सगळं तिथूनच. या सगळ्या पिनांचं बोलणं पोहोचवते ती टीटीएल कॉर्ड. टीटीएल म्हणजे ‘थ्रू द लेन्स’, लेन्समधून आलेल्या प्रकाशावरून केलेला हिशोब. हळदीच्या गर्दीत नवरी फ्लॅशपासून एक मीटरवरून दोन मीटरवर सरकली की तिच्यावर पडणारा प्रकाश चौथाई होतो. तेवढ्यात पॉवर बदलायला हात मोकळा कुणाचा असतो? टीटीएल कॉर्ड असेल तर कॅमेरा दर फोटोला नवा हिशोब करतो.

आपल्याकडे अनेकांचा पहिला कॅमेरा असलेल्या कॅनन २००डी मार्क टूचं उदाहरण तर या दाव्याला थेट खोटं ठरवतं. २०१९च्या या कॅमेऱ्याच्या हॉट शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेत, मधला संपर्कच नाही. फक्त मधल्या पिनेवर चालणारी कोणतीही कॉर्ड किंवा अडॅप्टर त्यावर लावलं तरी फ्लॅश पेटणार नाही. कॅननच्या भाषेत बोलणारा फ्लॅश आणि टीटीएल कॉर्ड मात्र चालते, कारण तिथे हुकूमही बारीक पिनांतून जातो. ‘माझा फ्लॅश खराब आहे का?’ असं विचारत आलेल्या एका मुलाचा फ्लॅश ठणठणीत होता. कॉर्ड चुकली होती.

‘जी बसेल ती चालते.’ बसणं आणि चालणं यांत इथे फार अंतर आहे. कॅनन आणि निकॉनच्या शूच्या रुळांचं माप सारखंच, त्यामुळे एकाची कॉर्ड दुसऱ्यावर सरकते. पण बारीक पिनांच्या जागा वेगळ्या. नशीब असेल तर फ्लॅश नुसता पेटतो, बाकीचा संवाद बंद. सोनीचा २०१२पासूनचा शू आणखी वेगळा, आणि त्याआधीचा, मिनोल्टाकडून आलेला, तर त्याहून निराळा. कॉर्ड कंपनीचीच घ्या असं माझं म्हणणं नाही. दुसऱ्या बनावटीच्या चांगल्या कॉर्डवर मी वर्षानुवर्षं काम केलंय. पण दुकानातच तपासा. फ्लॅशचा झूम ऑटोवर ठेवून कॉर्ड जोडा, शटर अर्धं दाबा आणि लेन्सचा झूम फिरवा. फ्लॅशच्या पडद्यावरचा आकडा सोबत बदलला तर बारीक पिना जिवंत आहेत. मग कॉर्ड दोन्ही टोकांशी जरा वाकवून पुन्हा बघा. स्वस्त कॉर्ड बहुतेक वेळा तिथेच, टोकाशी तुटते.

‘लांब कॉर्डमध्ये ताकद कमी होते.’ प्रकाश कॉर्डमधून येत नाही! तो येतो फ्लॅशच्या स्वतःच्या बॅटऱ्यांमधून. कॉर्डमधून जातात फक्त इशारे. टीटीएल कॉर्ड मधोमध कापून, इंटरनेटची केबल जोडून ती कित्येक मीटर लांब करणारे फोटोग्राफर आहेत, आणि त्यांचे फ्लॅश पूर्ण ताकदीने पेटतात. प्रकाश कमी होतो तो फ्लॅश माणसापासून लांब गेल्यामुळे.

लांबी ठरवायची ती फ्लॅश कुठे असणार यावरून. कॅननची ओसी-ई३ साधारण ६० सेंटिमीटर, म्हणजे डाव्या हातात फ्लॅश धरण्यापुरती. निकॉनची एससी-२८ ताणली तर दीड मीटर जाते. आणि गुंडाळीची कॉर्ड स्टँडला लावू नका. ती स्प्रिंगसारखी सतत मागे ओढत असते. एका साखरपुड्यात मी दोन पावलं मागे सरले आणि स्टँड फ्लॅशसकट पाहुण्यांच्या खुर्च्यांमध्ये आडवा झाला. कुणाला लागलं नाही, पण शेजारीच एक लहान मूल बसलं होतं. त्या दिवसापासून स्टँडसाठी सरळ, लांब कॉर्ड, आणि ती स्टँडच्या पायाला चिकटपट्टीने बांधलेली.

‘जुना फ्लॅश बिनधास्त लावा.’ हा सल्ला सगळ्यात घातक. फिल्मच्या काळातल्या काही फ्लॅशच्या संपर्कांवर दोनशेहून जास्त व्होल्ट असतात. या व्होल्टसाठी आयएसओ १०३३० या आंतरराष्ट्रीय मानकातला (कॅमेऱ्यातल्या आयएसओशी याचा संबंध नाही) आकडा २४ व्होल्टचा आहे. निकॉनच्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत २५० व्होल्टची मर्यादा दिलेली असते, पण सगळ्या कॅमेऱ्यांना ती लागू नाही. साधी कॉर्ड हे व्होल्ट कमी करत नाही, जसेच्या तसे कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवते. फ्लॅश पूर्ण चार्ज करून मधली पिन आणि बाजूचा रूळ यांच्यामध्ये मल्टीमीटरने मोजून घ्या, आणि तो आकडा आपल्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेशी ताडून बघा.

‘कॉर्ड हवीच कशाला?’ फ्लॅश हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा असेल तर ट्रिगरच घ्या, तिथे कॉर्ड म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात अडथळा. पण पावसाळ्यात आंबोलीला रात्री मलबार ग्लायडिंग फ्रॉगचा फोटो काढणाऱ्याला विचारा. फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल तर लेन्सची सावली थेट बेडकावर पडते. उजव्या हातात कॅमेरा, डाव्यात प्रकाश मऊ करणारा छोटा डिफ्युझर लावलेला फ्लॅश, मध्ये हातभर कॉर्ड. ओल्या कातडीवरची चमक डोळ्यावर येतेय असं दिसलं की मनगट जरा वळवायचं, चमक पाठीवर सरकते. ट्रिगरसारखं जुळवायला चॅनेल नाही, अंधारात बदलायला आणखी एक बॅटरी नाही. दोन-तीन फोटो घ्यायचे आणि बेडकाला त्याच्या पानावर सोडून पुढे निघायचं.