पॅनेल किती लावायची ते शेवटी बघू

विषय निघाला नव्या कॉलेजच्या नकाशावरून. माणदेशातली जागा, हजार मुलं, त्यातली दोनशे होस्टेलला. संस्थेच्या कागदावर ‘कमी कार्बन’च्या नावाखाली दोनच ओळी: ४० किलोवॅट सोलर आणि वृक्षारोपण.

मंग्या सोलरची कामं घेतो, त्यामुळे तो खूश. “४० किलोवॅट म्हणजे दिवसाला सरासरी १६० युनिट. सावली न पडणारी ४०० चौरस मीटर गच्ची लागते, ती आहे. अजून काय पाहिजे?”

“आंघोळीचं पाणी,” ताई म्हणाली. मेस चालवते, त्यामुळे होस्टेलचं सगळं तिच्या कानावर असतं. “दोनशे पोरं, प्रत्येकाला २० लिटर कढत पाणी. सर, करा हिशोब.”

सरांनी पेपरच्या कोपऱ्यावर आकडे मांडले. २० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला ०.८ युनिट. दोनशे मुलांचे १६०. “मंग्या, तुझी अख्खी गच्ची गिझरात गेली बघ. तेच ४,००० लिटर सोलर हीटरने तापवलं तर ८० चौरस मीटर पुरतात.”

“आणि बोअरचं जड पाणी?” मंग्या सोडणार थोडाच! “तांब्याच्या नळ्यांत क्षार धरतो, पाणी कोमट यायला लागतं, मग वॉर्डन बॅकअपची विजेची कॉइल लावून ठेवतो. बिल पहिल्यासारखंच.”

“म्हणून हीट एक्स्चेंजरवाला घ्यायचा,” सर म्हणाले. “ नळ्यांतून फिरणारं पाणी वेगळं, आंघोळीचं वेगळं. टाकी न्हाणीघरांच्या डोक्यावरच ठेवायची. लांब पाइप टाकला की गरम पाणी येईस्तोवर पोरं दोन बादल्या सोडून देतात.”

पंख्यांचंही तसंच. ७५ वॅटचे दोनशे पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावले तर आठ तासांत ७२ युनिट वाचतात. तेवढी वीज करायला १८ किलोवॅटची पॅनेल लागली असती. मंग्याचा धंदा निम्मा झाला, पण आकडा त्यालाही खोडता येईना. (लाइट गेल्यावर बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं, हे संस्थेला कुणीतरी आधीच सांगायला हवं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसाच बनवलेला असतो.)

“तुम्ही सगळे बिलाचंच बोलताय,” बापू म्हणाला. बापू बांधकामवाला. “कॉलेज उघडायच्या आधीच सिमेंट-विटा भाजताना कार्बन हवेत गेलेला असतो, त्याचं काय?” त्याने उदाहरण दिलं लॉरी बेकर या वास्तुविशारदाचं. त्यांनी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या इमारतींत रॅट-ट्रॅप बाँड ही वीट रचायची पद्धत वापरली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या आणि मधे पोकळी सोडायची. विटा पावपट कमी लागतात, भिंतही कमी तापते.

“मग इकडे का करत नाहीत?”

“वीट एका मापाची मिळत नाही. भट्टीवरची वीट अर्धा इंच कमी-जास्त असली की बाँड जुळत नाही. गवंडी सवयीने पोकळीत माल भरतो, म्हणजे केलं न केलं सारखंच. आणि मागाहून लाइटवाला येऊन भिंत फोडतो. पाइप आधी टाकायचे, जोत्याचा, खिडकीखालचा आणि लिंटेलचा (दार-खिडकीच्या वरचा) थर भरीव घ्यायचा, आणि गावातल्याच चार गवंड्यांकडून पहिली भिंत नमुन्याची बांधून घ्यायची. खाली शहाबादी. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, पण त्याला पाणी किमान १० दिवस मारायचं. उन्हाळ्यात १४. ठेकेदाराला तिथंच घाई असते.”

मग गाडी बायोगॅसवर आली आणि ताईने लगाम हातात घेतला.

“मेसचा गॅस फुकट होणार असं कुणी छापू नका. रोज ५० किलो खरकटं निघालं तर ४-५ घनमीटर गॅस, म्हणजे एलपीजीच्या हिशोबात दोन किलोच्या आसपास. १९ किलोची टाकी नऊ-दहा दिवसांत एक वाचेल. सुरुवात शेणकाल्याने करायची, गॅस नीट पेटेपर्यंत तीन-चार आठवडे धीर धरायचा, मग खरकटं थोडं थोडं वाढवायचं. पहिल्याच आठवड्यात लग्नाच्या पंगतीचं उरलेलं ओतलं की आतलं सगळं आंबतं, वास सुटतो, गॅस पेटत नाही. लिंबाच्या साली, हाडं, तळणीचं तेल नकोच. आंबलंच तर खरकटं बंद आणि शेणकाला सुरू.”

“मेमध्ये पोरं घरी गेली की?”

“उपाशी ठेवले तरी आतले गॅस करणारे जंतू मरत नाहीत, जूनमध्ये हळूहळू पुन्हा सुरू करायचं. खरी अडचण स्लरीची, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरणाऱ्या पातळ खताची. ५० किलोत तेवढंच पाणी, म्हणजे रोज जवळजवळ १०० लिटर बाहेर येणार. ती घ्यायला कुणी नसेल तर जाणार गटारात. कंपाउंडच्या बाहेर टाकी बांधा, तोटी रस्त्याच्या बाजूला काढा. शेतकऱ्याने गेटवर रजिस्टरमध्ये सही करून स्लरी न्यायची म्हटलं तर एकही येणार नाही.”

सर बराच वेळ गप्प होते. “पार्किंग कुणी मोजलं? बाकीच्या आठशेपैकी ३०० पोरं मोटारसायकलवर येतात असं धरा. जाऊन-येऊन ३० किलोमीटर, ५० चा ॲव्हरेज, ०.६ लिटर पेट्रोल. लिटरला २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाचे २०० दिवस धरले तर ८० टनांच्या वर जातं. मंग्याचे ४० किलोवॅट वर्षाला वाचवणार ४० टन.”

“मग काय, एसटीची नवी फेरी मागायची?” बापू हसला. “डेपोत अर्ज देऊन बघा.”

“नवी नको. आहे ती गाडी सव्वादहाला येते आणि कॉलेज साडेसातला भरवायचं ठरवलंय. कॉलेजची वेळ गाडीला जुळवा. पासवाली पोरं चढली की फेरी भरते, आणि भरलेली फेरी डेपो सहजासहजी बंद करत नाही. दवाखान्याला, बाजाराला जाणाऱ्या गावकऱ्यांनाही तीच गाडी. संस्थेला यात एक रुपया घालायचा नाही.”

“परतीची साडेचारला सुटते, सर. प्रॅक्टिकल साडेपाचला संपतात.”

“सकाळी घ्या.”

“प्राध्यापक ऐकतील?”

“त्यांच्याही गाड्या पार्किंगमध्येच असतात,” ताई म्हणाली. मंग्या तोवर ४० खोडून २० किलोवॅटचं कोटेशन मांडायला बसला होता. बापूचं म्हणणं, पंखे आणि हीटर ठरल्याशिवाय तेही लिहू नको.