मुदतवाढ मिळालेले डबे

माणशी 79 किलोंचा तो आकडा कट्ट्यावर आणला अण्णांनीच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 सालचा अहवाल सगळ्यांच्याच नजरेखालून गेला होता. 2022 या एका वर्षात जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले 60 टक्के घराघरांतून गेले, हे कोणाला नव्याने सांगायला नको होते; पण घरांतून वर्षाला माणशी 79 किलो, हे अण्णांनी अशा सुरात उच्चारले, की जणू त्यातून स्वतःचा वाटा वजा करूनच ते घरून निघाले होते.

"माझ्या घरातून भाजीची सालसुद्धा बाहेर जात नाही," ते म्हणाले. हे खरे आहे आणि त्याची साक्ष मीही देईन, कारण जे बाहेर जात नाही ते त्यांच्या फ्रीजमध्ये असते.

वकिलांनी लगेच हरकत घेतली. त्या 79 किलोंमध्ये हाडे, साली, कोयी असे कोणीच न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत, तेव्हा आरोपपत्र मुळातच फुगवलेले आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. वकिलांना कोणत्याही आकड्यात पळवाट सापडते. फक्त जेवून उठताना स्वतःच्या ताटाकडे बघायचे त्यांच्या लक्षात राहत नाही.

"साली कोणी खात नाही, असे कसे म्हणता?" अण्णा उसळले आणि त्यांनी आपल्या सुप्रसिद्ध पिशवीचे वर्णन आरंभले. फ्रीझरमधल्या या पिशवीत कांद्याची टरफले, गाजराची टोके, कोबीचे दांडे, जे जे उरेल ते ते साठत जाते आणि पिशवी भरली की त्याचे पाणी उकळून सूप करतात. ते सूप मी एकदा प्यायलो आहे. मैत्री टिकावी म्हणून माणूस काय काय करतो, याची मला त्या दिवशी कल्पना आली.

एवढा वेळ ताई गप्प होत्या. दोनशे माणसांचे स्वयंपाकघर त्यांनी वीस वर्षे चालवले आहे. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना आहे आणि म्हणूनच त्या सर्वांत शेवटी बोलतात.

"अण्णा, किती वेळ उकळता?"

"तीन तास. सत्त्व उतरले पाहिजे ना."

"भाज्यांचे जे उतरायचे ते पाऊण तासात उतरते. पुढचे सव्वादोन तास तुम्ही नुसता गॅस उकळता. आणि कोबीचे दांडे त्यात टाकलेत, की त्याला जो वास येतो त्याला सत्त्व म्हणत नाहीत."

ताईंचा मुद्दा असा, की साली-देठ आणि शिजवून उरलेले अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अण्णा त्या एकाच पिशवीत कोंबतात. कच्च्या देठाला धीर असतो, तो दोन दिवस थांबतो; शिजलेल्या अन्नाला तो नसतो. फ्लॉवरचा दांडा त्या कसा वापरतात, हे त्यांनी तिथेच हाताने करून दाखवले. बाहेरची दोरेदार साल सुरीने वरून खाली ओढून काढायची, आतला पांढरा गाभा नाण्याएवढ्या पातळ चकत्यांनी कापायचा आणि तुऱ्यांच्या आधी पाच मिनिटे कढईत टाकायचा, कारण त्याला शिजायला जास्त वेळ लागतो. त्याची वेगळी भाजी नाही, वेगळी पाककृती नाही आणि वेगळे कौतुकही नाही. जो भाग त्याच दिवशी त्याच कढईत जातो, त्याला उरलेला म्हणायची वेळच येत नाही.

"आणि शिजवलेले उरले तर?" मी विचारले.

"तर ते उद्या कोण, कधी खाणार, हे डब्यात भरायच्या आधी ठरवायचे. ते ठरले नसेल, तर फ्रीजमध्ये ठेवणे म्हणजे वाचवणे नव्हे. टाकण्याला दिलेली मुदतवाढ आहे."

हे वाक्य वकिलांना इतके झोंबले, की मुदतवाढ हा आपला शब्द ताईंनी परवानगीशिवाय वापरल्याची तक्रार त्यांनी नोंदवली. मग, वाद पेटता राहावा एवढ्याच हेतूने, ते म्हणाले की शिळा भात खणखणीत गरम केला की सगळे जंतू मरतात, तेव्हा एवढी चिंता कशाला. ताईंनी त्यांच्याकडे, चुकीची उलटतपासणी करणाऱ्या शिकाऊ माणसाकडे बघावे, तसे पाहिले. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवतानाही तग धरतात आणि भात तासन्‌तास बाहेर कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. गरम केल्याने पुढे जिवाणू मेले तरी ते विष जात नाही. म्हणून उरलेला भात पातेल्यात झाकून न ठेवता पसरट ताटात लवकर निववायचा, तासा-दीड तासात फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. असा थंड भात परतायला ताज्यापेक्षा चांगला, कारण त्यातला स्टार्च घट्ट झाल्याने दाणे सुटे राहतात.

"मग पावही फ्रीजमध्येच ठेवावा," अण्णा विजयी मुद्रेने म्हणाले.

"पाव नको. तोच स्टार्च पावात घट्ट झाला की पाव शिळा लागतो आणि फ्रीजच्या थंडीत ते बाहेरपेक्षा लवकर होते. फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर बाहेर ठेवून संपवा. आणि बुरशी आली की तो डाग खरवडून खाऊ नका. पाव मऊ असतो, बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा बरेच आत गेलेले असतात."

अण्णांनी यावर जी मान खाली घातली, तिच्यावरून काही काळापूर्वीच्या न्याहारीचा अंदाज आला. वकिलांनी ती संधी साधून बटाट्यांचे प्रकरण उकरून काढले. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी हिरवे पडलेले, कोंब आलेले बटाटे वाया जाऊ नयेत म्हणून सालीसकट तळून कट्ट्यावर आणले होते. कडू लागले तरी आम्ही ते भिडेपोटी खाल्ले आणि त्या रात्री चौघांपैकी तिघे फार कमी झोपलो. तो कडवटपणा सोलानिनसारख्या द्रव्यांचा होता, तळून-उकडून ती पुरेशी जात नाहीत, हे ताईंनी दुसऱ्या दिवशी सांगितले. चौथ्या त्याच होत्या आणि त्यांनी एकही काप तोंडात घातला नव्हता. त्या आधी का बोलल्या नाहीत, हा वकिलांचा प्रश्न आजतागायत अनुत्तरित आहे.

"माझी भावना तरी चांगली होती," अण्णा म्हणाले.

"भावना चांगलीच असते हो. दोन चमचे उरलेल्या चटणीचे काहीतरी करायचे म्हणून तुम्ही तीन नव्या वस्तू आणता, त्या तिन्ही अर्ध्या उरतात आणि त्यांचे काहीतरी करायला पुन्हा बाजारात जाता. दोन चमचे कमी वाटली असती, तर एवढी खरेदी टळली असती."

मला वाटते, अण्णांना हे पटले होते, कारण त्यांनी विषय बदलण्याऐवजी चष्मा पुसायला घेतला. पण ताई आता थांबणाऱ्या नव्हत्या.

"आणि माझा स्टीलचा डबा? दोन वर्षे झाली. उरलेली उसळ नेतो म्हणून नेलात."

"आहे, फ्रीझरमध्ये सुरक्षित आहे."

"उसळीसकट?"

अण्णा घुटमळले. "उसळ तेव्हाच संपली. आता दुसरे काहीतरी आहे. झाकणावर नाव लिहिले होते, पण शाई पुसली. वितळल्यावर कळेल."

वकिलांनी तत्काळ उभे राहून सदर डबा मुद्देमाल म्हणून जप्त करावा आणि पंचांच्या समक्ष वितळवावा, असा अर्ज केला. पंच म्हणून माझे नाव सुचवले गेले आणि त्या सुपाची आठवण होऊन मी ते नाकारले.

"मला डबा रिकामा हवा," ताई म्हणाल्या, "आणि अण्णा, त्याचे सूप करू नका." यावर सगळ्यांत आधी हसले ते अण्णाच.