औषधाआधीचा खर्च कुणी करायचा?

परवा मुंजीच्या पंगतीत मामांनी विचारलं, "तुमच्या संशोधनातून औषध कधी निघणार रे?" पंगतीत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मामा, मी प्रथिनांचे स्फटिक वाढवतो. मिठाच्या कणाहून बारीक स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली नायलॉनच्या इवल्याशा फासात अलगद उचलायचा आणि सुकायच्या आत द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचा. हात हलला की महिन्याची मेहनत गेली. मग त्यावर एक्स-रे सोडून प्रथिनाची रचना काढायची. औषधाचा रेणू जिथे बसू शकेल ती खाच त्या रचनेत दिसते. एचआयव्ही विषाणूच्या प्रोटिएज या प्रथिनाची रचना १९८९ मध्ये उलगडली आणि १९९५ मध्ये त्या खाचेत बसणारं पहिलं औषध, सॅक्विनाविर, अमेरिकेत मंजूर झालं.

अशा रचना जगभरातले लोक प्रोटीन डेटा बँकेत जमा करतात. १९७१ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ती सुरू झाली, तेव्हा तिच्यात जेमतेम ७ रचना होत्या. आज २ लाखांच्या वर आहेत आणि कुणालाही फुकट मिळतात. प्रथिनांच्या रचनांचा अंदाज बांधणारं जे अल्फाफोल्ड हे एआय बनवणाऱ्यांना २०२४ चं नोबेल मिळालं, ते याच साठ्यावर शिकलं. पन्नास वर्षं हा साठा सांभाळला तो मुख्यतः सरकारी पैशाने. कुठली कंपनी इतकी वर्षं थांबली असती?

आपल्याकडेही अशा रचना काढायची यंत्रं आहेत : इंदूरला प्रखर एक्स-रे देणारं इंडस-२ आहे, बेंगळुरूला गोठवलेल्या प्रथिनांचे फोटो काढणारा क्रायो-ईएम हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. २०२३ मध्ये केंद्राने औषध आणि वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनासाठी ५,००० कोटींची योजना मंजूर केली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण यंत्र विकत घेतलं की काम संपलं, ही आपली सवय मला छळते.

मी पूर्वी होतो त्या संस्थेत एक्स-रे टिपणारा एक डिटेक्टर बिघडून आठ महिने प्लॅस्टिकच्या कव्हराखाली पडून होता. खरेदीला पैसे मिळाले होते, एएमसीसाठी, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारासाठी, बजेटमध्ये हेडच नव्हतं. ते यंत्र ज्याच्या हाताला सरावलं होतं तो टेक्निशियन अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होता. तो कंटाळून एका खासगी कारखान्यात गेला. पुढे डिटेक्टर दुरुस्त झाला, पण तो चालवायला माणूस उरला नव्हता. दोन पीएचडीच्या पोरांची वर्षं त्यात गेली.

जगातले जवळपास पाव टीबी रुग्ण आपल्या देशात आहेत; त्यांच्यासाठी नवी औषधं शोधायची तर अशी यंत्रं बंद पडून चालणार नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे : यंत्राच्या मंजुरीतच दहा वर्षांची देखभाल धरा, टेक्निशियनची कायमची पदं भरा आणि बाहेरच्या कॉलेजांतल्या पोरांसाठीही त्या यंत्रावर वेळ राखून ठेवा.