कायदा आहे, मग वेगळे पैसे कशाला? एका कमेंटला जरा लांबलेलं उत्तर

नमस्कार काका,

तुमची कमेंट परवाच वाचली होती पण तेव्हा डोकं तापलं म्हणून गप्प बसले. आज परत वाचली आणि लक्षात आलं की एका ठिकाणी तुम्ही मला बरोब्बर पकडलंय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या (दोन वर्षांची, स्वस्तातली सरकारी कॉलेजं) डीएसपीएसला, म्हणजे अपंग विद्यार्थ्यांची सोय बघणाऱ्या ऑफिसला, राज्याने जास्त पैसे द्यायला हवेत. त्यावर काका म्हणतात, एडीए आहे, सेक्शन ५०४ आहे (अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणारे देशाचे दोन कायदे), कॉलेजला सोय द्यावीच लागते, मग त्याच कामासाठी टॅक्स भरणाऱ्यांनी पुन्हा खिशात हात का घालायचा? त्यात फी युनिटला (म्हणजे क्रेडिटला) फक्त ४६ डॉलर असलेलं कॉलेज, तिथे अजून काय काय मागणार? आणि जाता जाता टोला, की हल्ली एडीएचडीचा (लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासाचा) डॉक्टरी कागद आणला की पेपरला जादा वेळ मिळतो.

आधी माझी चूक. २००९ च्या कपातीत "मुलांचे इंटरप्रिटर गेले" असं मी ठोकून दिलं होतं. ते चुकीचं आहे. राज्याकडून डीएसपीएसला मिळणारे पैसे तेव्हा साधारण ४० टक्क्यांनी कापले हे खरं, पण कर्णबधिर मुलगी वर्गात आहे म्हटल्यावर साइन लँग्वेज इंटरप्रिटर द्यावाच लागतो, आणि तास मोठा असेल तर दोघं, आलटून पालटून. तिथे "बजेट संपलं" म्हणून हात वर करता येत नाहीत. खर्च खरंच झेपत नाही असं म्हणायचं असेल तर त्या एका ऑफिसचं बजेट दाखवून भागत नाही, अख्ख्या संस्थेकडे काय आहे ते बघायचं आणि वरच्या माणसाने तसं लेखी द्यायचं. म्हणजे इथवर तुमचंच खरं.

पण काका, ४० टक्के गेले आणि इंटरप्रिटर राहिले, तर मग गेलं काय?

कायदा ज्याची सक्ती करत नाही ते गेलं. पेपरला जादा वेळ, ब्रेल, कॅप्शन, नोट्स घेणारा माणूस, ही सक्ती. पण मुलाला मुळात लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे हुशारी असूनही वाचन-लेखन किंवा गणितात अडचण, आहे का ते तपासून देणं ही कॉलेजवर सक्ती नाही. काउन्सेलर किती मुलांमागे एक असावा याचीही नाही, ट्यूटरिंगची पण नाही. पैसे आटले की कात्री इथेच लागते, आणि कुठेही कायदा मोडत नाही त्यामुळे तक्रार करायलाही जागा राहत नाही.

आमच्याकडे (मी एका कॉलेजात पार्ट टाइम आहे, नाव नको) एक गृहस्थ येतात, पस्तिशीचे असतील, रात्री गोडाऊनमध्ये काम आणि सकाळी क्लास. एकच विषय तीनदा नापास. बोलायला बसले की हुशारी लगेच कळते पण छापील पान समोर आलं की घाम फुटतो, आणि शाळेत असताना याची कधी कोणी तपासणीच केली नाही. बाहेर ही टेस्ट करायची तर काही हजार डॉलर लागतात. कॉलेजात फुकट होते, पण ती करणारा स्पेशालिस्ट असला तर, आणि नंबर लागला तर. टेस्ट नाही तर कागद नाही, कागद नाही तर सोय नाही, आणि सोय मागितलीच नाही म्हणून कॉलेजची वही एकदम स्वच्छ. आता तुमचा एडीएचडीवाला टोला इथे आणून ठेवा. ज्यांच्या आईवडिलांना परवडलं ते कागद घेऊनच येतात, हे मी पण बघते, नाकारत नाही. पण त्याच्यावर उपाय म्हणजे फुकट टेस्टिंग वाढवणं, आणि तुम्ही तर नेमके तेच पैसे नकोत म्हणताय! शिवाय सगळेच कागद फडकवत फिरतात असंही नाहीये, या देशात अपंगत्व असलेल्या कॉलेजच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांशच कॉलेजला तसं सांगतात, बाकीचे लाजेने म्हणा किंवा शाळेत त्या शिक्क्याचा वैताग आलेला असतो म्हणून म्हणा, गप्प बसतात.

डबल पैसे म्हणताय तर तेही नाही. डीएसपीएस १९७६ च्या कायद्याने सुरू झालं आणि त्याचे पैसे फक्त वरच्या जादा खर्चासाठी असतात, म्हणजे इतर कुठल्याही मुलावर होतो तो खर्च कॉलेज करतंच, त्याच्या वरचा भार हा. बरं राज्य ठरवतं एक ठोक रक्कम, आणि ती सगळ्या कॉलेजांत वाटायची, मुलं किती आणि कुठल्या प्रकारच्या अपंगत्वाची त्यावरून, तेही मागच्या आकड्यांवरून. मुलं वाढली आणि रक्कम तीच राहिली तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी. आणि एखाद्या लहान कॉलेजात या सेमिस्टरला अचानक तीन कर्णबधिर मुलं आली तर त्यांचा खर्च आत्ता, हिशेबात येणार नंतर. तोवर पैसे जनरल फंडातून, कॉलेजच्या रोजच्या खर्चाच्या पैशातून, म्हणजे कुठलातरी दुसरा क्लास रद्द करून, आणि मग डीनच्या तोंडावर जे भाव येतात ते त्या मुलांना दिसतात हो. त्यांना कळतं आपण महाग आहोत.

माझं स्वतःचं काम सांगते म्हणजे खर्च कुठे होतो ते कळेल. अंध मुलासाठी गणिताचं पुस्तक तयार करायचं. प्रकाशकांनी मागितल्यावर ई-कॉपी द्यावी असा इथे १९९९ मध्ये कायदा झालाय, पण फाइल येते तेव्हा क्लास सुरू होऊन आठवडे गेलेले असतात, म्हणून आम्ही सरळ पुस्तकाची पाठ कटरने कापतो, पानं सुट्टी करून स्कॅन करतो आणि मग खरी मजा. एक्स वर्ग असेल तर कॉम्प्युटर वाचणार "एक्स दोन". प्रत्येक समीकरण हाताने परत टाइप, प्रत्येक ग्राफ शब्दात लिहायचा. एक चॅप्टर करता करता आठवडा जातो आणि परीक्षा काही थांबत नाही. कायद्याने "वेळेत" द्यायचंय, पण माणसं दीड.

आणि ४६ डॉलरबद्दल. अपंगांच्या हक्कांसाठी लढलेला एड रॉबर्ट्स माहितीये ना? पोलिओने मानेखालचं शरीर गेलेलं, रात्री आयर्न लंगमध्ये, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या मोठ्या यंत्रात, झोपायचा. तो बर्कलीच्या नामांकित विद्यापीठात १९६२ मध्ये गेला हे सगळे सांगतात, त्याआधी तो कॉलेज ऑफ सॅन मटेओला होता, म्हणजे असल्याच स्वस्तातल्या कॉलेजात, हे कोणी सांगत नाही. राज्याच्या रिहॅबिलिटेशन (पुनर्वसन) खात्याने आधी पैसे नाकारले होते, की हा इतका अपंग, याला नोकरी कोण देणार. वर्तमानपत्रात बोंब झाली तेव्हा दिले. १९७५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउनने त्यालाच त्या खात्याचा डायरेक्टर केलं. सगळे काही एड रॉबर्ट्स होत नाहीत, कबूल, आमचे गोडाऊनवाले बिचारे अकाउंटिंगचं सर्टिफिकेट मागतायत फक्त.

एक गोष्ट मात्र तुमची मला पटली. कॉलेज आपल्या जनरल फंडातून या कामावर नक्की किती घालतं ते साध्या माणसाला कळेल असं कुठेच मांडलेलं नसतं, आणि राज्याचे पैसे वाढले की कॉलेजने आपला हात आखडता घ्यायचा असं होऊ शकतं. तो हिशेब मागायलाच हवा. पुढच्या महिन्यात आमच्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची मीटिंग आहे, पब्लिक कमेंटला प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात. तुम्ही बे एरियातच (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) आहात म्हणालात, तर या. तुम्ही हिशेब मागा, मी टेस्टिंगचं बोलते. इंटरप्रिटरवाली ओळ पोस्टमध्ये आत्ताच खोडली, खाली दुरुस्ती टाकलीये.