शतधौत

मे महिन्यात डोंबिवलीत दोन गोष्टी कुणालाही चुकत नाहीत. लोकलची गर्दी आणि घामोळं. यंदा माझ्या पाठीवर ते असं फुललं, की बनियन चढवताना बाभळीची फांदी अंगावरून ओढल्यासारखं व्हायचं. पावडरी झाल्या, वाळ्याचं पाणी झालं, आईने कलिंगडाची साल चोळून पाहिली. एके दिवशी कपाटाच्या कडेला पाठ घासत उभा होतो, तेवढ्यात बायको बाजारातून आली. क्षणभर थबकून म्हणाली, "गावाला आमची म्हैस अगदी अशीच करायची." त्याच क्षणी मी आयुर्वेदाला शरण गेलो.

शतधौत घृत. नावातच सगळी कृती आहे. शंभर वेळा धुतलेलं तूप. तांब्याच्या भांड्यात गाईचं तूप घ्यायचं, गार पाणी घालायचं, तळहाताने फेसायचं, पाणी ओतून टाकायचं. असं शंभरदा. काही उकळायचं नाही, वस्त्रगाळ करायचं नाही, रानातून मुळी खणून आणायची नाही. मला वाटलं, इतकं सोपं औषध लोक विकत का घेतात? एका धुण्याला तीन मिनिटं धरली तर शंभराला पाच तास लागतात, हा हिशोब मांडी घालून बसण्याआधी करायचा असतो.

आधी भांडं. घरातल्या तांब्याच्या बाकी सगळ्या भांड्यांना आतून कल्हई. बिनकल्हईची एकच परात, आजीची, माळ्यावर गाद्यांच्या मागे. तळाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आजोबांच्या कुणा मावसभावाचं नाव, 'यांजकडून सप्रेम भेट' आणि शके 1874. चिंच लावून घासली तेव्हा अशी झळकली, की लग्न काल लागलं असावं.

मग तूप. आईचं कढवलेलं साजूक तूप बरणीत होतं, पण आई बरणीसमोर उभी होती.

"पुरणपोळीवर सुनेने दुसरा चमचा घातला तर 'कोलेस्टेरॉल' म्हणून ओरडतोस. आणि आता पाव किलो मोरीत घालवणार?"

"आई, मोरीत नाही. फक्त धुणार."

"तूप काय चादर आहे?"

शेवटी विकतचं आणलं.

रविवारी सकाळी दहाला बसलो. पाणी आमच्याकडे साडेसहा ते साडेसातच येतं, म्हणून तीन बादल्या भरून ठेवल्या होत्या. आता हात मोजणीला मोकळा नाही आणि फोन तुपट बोटांना दाद देत नाही. म्हणून डाव्या हाताला दोन वाट्या ठेवल्या. एकीत मोजून शंभर भाजलेले शेंगदाणे, दुसरी रिकामी. एक धुणं झालं की एक दाणा इकडून तिकडे. मोठमोठ्या कंपन्यांत असली पद्धत राबवायला सल्लागार बोलावतात.

पहिली दहा पाणी तूप तुम्हाला ओळखतच नाही. हाताखालून निसटतं, गुठळ्या होऊन पाण्यावर तरंगतं, परातीच्या कडेला जाऊन बसतं. विसाव्याला रवाळपणा जातो. तिशीत माझा खांदा गेला. माझा शर्ट आठवड्यातून दोनदा धुतला जातो, म्हणजे त्याला शंभर धुण्यांना वर्ष लागतं, आणि तोवर त्याची कॉलर जाते. इथे एका रविवारात उरकायचं होतं. उघडाबंब बसलेलो, पाठीवरून घामाच्या धारा, त्या धारांखाली घामोळं नव्या जोमाने पेटलेलं, आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे खाजवायची सोय नाही. औषध तयार करताना रोग वाढतो, हे कुठल्याच कृतीत लिहिलेलं नसतं.

पण चाळिशीच्या पुढे कुठेतरी खरंच नवल घडलं. पिवळं तूप पांढरं व्हायला लागलं. तुपाचा वास गेला, चिकटपणा गेला. रगडून रगडून पाण्याचे बारीक बारीक थेंब तुपात अडकून राहतात, त्यामुळे ते फुगतं आणि लोण्यासारखं मऊ होतं. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "अय्या, कोल्ड क्रीम!" आणि बोटभर घेऊन गेली. लग्नाला सोळा वर्षं झाली, माझ्या हातच्या कशाला 'अय्या' पहिल्यांदाच मिळालं.

त्या भरात वाट्यांकडे लक्ष गेलं. दोन्ही मिळून एकतीस दाणे होते.

समोर बाबा पेपर वाचत होते. जबडा हलत होता.

"बाबा, तुम्ही शेंगदाणे खाल्लेत?"

"चार-दोन घेतले. का रे?"

"कुठल्या वाटीतले?"

बाबा निवृत्त ऑडिटर आहेत, खोटं बोलत नाहीत. "दोन्ही. डावीकडचे जास्त खरपूस होते."

"अहो, ती मोजणी होती!"

"मग व्हाउचर कुठंय?" एवढं विचारून त्यांनी पान उलटलं.

पन्नास झाली असावीत की साठ, यावर घरात मतभेद झाले. सुरक्षित बाजू म्हणून पन्नास धरली आणि पुढची पन्नास आईने जपमाळ घेऊन मोजली. मधे दोनदा शेजारीण आली आणि दोन्ही वेळा माळ थांबली की चालू राहिली, हे आईला सांगता येईना. संध्याकाळी बेसिन तुंबलं. गार पाण्याबरोबर गेलेलं तूप पाइपात जाऊन बसलं होतं. त्याचे प्लंबरने किती घेतले ते आईला अजून सांगितलेलं नाही.

रात्री काचेच्या बरणीत मलम भरलं. बायकोने वर चिठ्ठी चिकटवली: 'अंदाजे शतधौत घृत'.

बरणी घेऊन ऐटीत खालच्या मजल्यावरच्या वैद्यबाईंकडे गेलो. त्यांनी हुंगलं, बोटावर घेतलं, छान जमलंय म्हणाल्या. मग माझी पाठ पाहिली. "पण हे घामोळ्यावर लावू नका. तुपाने घामाची तोंडं आणखी बुजतील. सैल सुती कपडे घाला, गार पाण्याने अंघोळ करा, पंख्याखाली बसा. हे ठेवा भेगांना, कोरड्या त्वचेला, उन्हाने आग झाली तर." वर त्यांनी सांगितलं, की चरकसंहितेत हजार वेळा धुतलेलं सहस्रधौतही आहे. मी नमस्कार करून निघालो. नमस्कार करताना जाणवलं, की उजवा तळहात सायीसारखा मऊ झालाय आणि डावा तोच, लोकलच्या दांड्याला लोंबकळणारा. सबंध खटाटोपात गुण आला तो एवढ्या टीचभर जागेला, जिथे काही झालंच नव्हतं.

बरणी गार राहावी म्हणून फ्रीजमध्ये ठेवली, ही माझी शेवटची चूक. सकाळी बाबा थालीपीठ खात बसले होते. म्हणाले, "सूनबाई, लोणी झकास झालंय. मीठ तेवढं कमी आहे."

चिठ्ठी दाराकडच्या बाजूला नव्हती. हे लावायचं औषध आहे, पोटात घ्यायचं नाही. मी थरथरत्या हाताने वैद्यबाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका, बोटभरच गेलंय ना? त्यांना बरं वाटतंय ना? लक्ष ठेवा. आणि मला सांगा, पूर्ण शंभर वेळा धुतलं होतं?"

फोन स्पीकरवर होता. बाबांनी घास गिळला आणि विचारलं,

"शेंगदाणे धरून की वगळून?"