संगीताचं धोरण आणि चाळीस खुर्च्यांची खोली

2010 च्या जानेवारीत मेलबर्नमधला ‘द टोट’ नावाचा एक जुना पब बंद झाला. गर्दी आटली म्हणून नाही. तिथे बँड वाजायचे, आणि लायसन्सच्या नियमांनी प्रत्यक्ष संगीताला ‘जास्त जोखमीच्या’ खात्यात टाकलेलं होतं. कोपऱ्यात कुणी एकटा गिटार घेऊन बसला तरी सुरक्षारक्षकांचा खर्च मालकाच्या डोक्यावर. तो पेलेना. पुढच्याच महिन्यात हजारो लोक रस्त्यावर उतरले. गाणारे होते, वाजवणारे होते, नुसते ऐकणारेही होते. सरकारला नियम बदलावे लागले आणि टोट पुन्हा उघडला.

प्रादेशिक संगीत उद्योगाला चालना देणार, अशी कुठल्याही सरकारची घोषणा वाचली की मला हा पब आठवतो. घोषणेत महोत्सव असतो, बाहेरच्या कंपन्यांना करसवलत असते, एखादं भव्य संगीत केंद्र असतं. गाणारा पहिल्यांदा अनोळखी माणसांसमोर उभा राहतो ती खोली मात्र त्यात नसते. मी साउंडवर बसणारा, म्हणजे कार्यक्रमात माइक-स्पीकरचा आवाज सांभाळणारा माणूस. पंधरा वर्षं मिक्सरमागून हेच बघत आलोय. चाळीस माणसांसमोर पहिल्याच कडव्यात जिचा श्वास चुकतो, तीच मुलगी दोन वर्षांनी चारशे माणसं धरून ठेवते. मधल्या काळात तिला दर पंधरवड्याला गायला जागा मिळालेली असते, एवढंच घडलेलं असतं. अशी खोली बंद पडली की पुढची पाच-सात वर्षं काय गमावलं हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

करसवलतीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने 2017 मध्ये संगीतासाठी असा कायदा केला. ध्वनिमुद्रणाच्या खर्चावर 15 टक्के सवलत, पण त्यासाठी किमान एक लाख डॉलर खर्च करायला हवा होता. पदरमोड करून चार गाणी रेकॉर्ड करणाऱ्याने या दारातून आत यायचं कसं? आणि सवलतीसाठी आलेली कंपनी दुसरीकडे जास्त सवलत दिसली की तिकडे जाणारच. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

रेडिओवरच्या कोट्याबद्दल मात्र मी पूर्वी साशंक होतो, आता नाही. कॅनडाने 1971 मध्ये रेडिओ केंद्रांवर 30 टक्के गाणी कॅनडातलीच हवीत असा नियम केला. आज लोकप्रिय संगीतासाठी ते प्रमाण 35 टक्के आहे, आणि तिथल्या फ्रेंच भाषेतल्या केंद्रांवर 65 टक्के गाणी फ्रेंचमध्ये लावावी लागतात. केंद्रांनी पळवाटा काढल्याच. कॅनडातली गाणी आडवेळेला, रात्री उशिरा लावून कोटा भरला जाऊ लागला, तेव्हा दिवसाच्या वेळेचंही बंधन घालावं लागलं. ब्रायन अॅडम्स जगभर गाजत होता, तरी 1991 च्या त्याच्या अल्बममधली गाणी नियमानुसार ‘कॅनडियन’ ठरेनात, कारण ती रचण्यात त्याच्याबरोबर परदेशी निर्माता होता. मग नियम पुन्हा दुरुस्त झाला. फ्रान्समध्येही तेच. 1996 पासून तिथे 40 टक्के फ्रेंच गाण्यांचा नियम लागू आहे. काही केंद्रं तीच ती दहा गाणी फिरवून आकडा गाठत होती, म्हणून 2016 मध्ये कायदाच बदलला. फ्रेंच गाण्यांच्या वेळेतला अर्ध्याहून जास्त वाटा त्याच दहा गाण्यांनी खाल्ला, तर वरचा वाटा कोट्यात धरायचा नाही.

ही ओढाताण मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. धोरण जाहीर झालं म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांचा मला राग येतो. ज्यांनी पळवाट दिसल्यावर पन्नास वर्षं नियम दुरुस्त करण्याची चिकाटी दाखवली, तिथे त्या भाषेतल्या गाण्याला श्रोता मिळत राहिला.

जागांचंही तसंच. एखादा हॉल तीस वर्षं चालू असतो, शेजारी नवी इमारत उभी राहते, लोक राहायला येतात आणि आवाजाची तक्रार करतात. बंद कोण होतं? हॉल. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, त्याने 2014 मध्ये नियोजनाच्या नियमांत तत्त्व घातलं की जो नंतर येतो, आवाज रोखण्याची जबाबदारी त्याची. नवी इमारत बांधणाऱ्याने भिंती, खिडक्या तशा बांधाव्यात. याला सरकारच्या तिजोरीतून जवळपास काहीच लागत नाही. ब्रिटनने 2012 च्या कायद्याने छोट्या कार्यक्रमांचा परवान्याचा जाच कमी केला, तोही असाच बिनपैशाचा निर्णय.

पैसा लागतोच तिथे तो संगीतातूनच उभा करता येतो. फ्रान्समध्ये संगीताच्या कार्यक्रमांच्या तिकिटांवर 3.5 टक्के कर आहे, आणि तो संगीतासाठीच्या राष्ट्रीय केंद्राकडे जातो. मोठ्या मैफलीच्या तिकिटातून छोट्या मैफलीला हातभार लागतो. मला हे फार न्याय्य वाटतं, कारण मोठ्या मंचावरचा प्रत्येक जण कधीतरी छोट्या खोलीतूनच आलेला असतो.

स्वीडनचं उदाहरण सगळेच देतात, पण बहुतेक जण निर्यातीचे आकडे सांगून थांबतात. तिथे गावोगावच्या नगरपालिका मुलांसाठी अगदी कमी शुल्कात संगीतशाळा चालवतात, आणि ही परंपरा 1940 च्या दशकापासूनची आहे. जगभरच्या पॉप गायकांसाठी गाणी रचणारा मॅक्स मार्टिन स्वतःच्या यशाचं श्रेय या सार्वजनिक संगीतशिक्षणाला उघडपणे देतो. त्याच्यासारखा एखादा तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, म्हणजे निवडणुकीचे चार-पाच हंगाम. म्हणूनच ही गोष्ट घोषणांमध्ये कमी दिसते, असं मला वाटतं.

आयर्लंडने 2022 मध्ये आणखी धाडस केलं. सोडत काढून 2000 कलाकारांना आठवड्याला 325 युरो द्यायला सुरुवात केली. अमुक गाणं करून दाखवा, अशी अट नाही. माझ्या ओळखीचे किती वादक केवळ महिन्याचा खर्च भागेना म्हणून वाद्य गुंडाळून बसले, हे आठवलं की या योजनेसमोर हात जोडावेसे वाटतात.

आणि एक काम असं, ज्याचा फोटो निघत नाही. 2021 मध्ये अमेरिकेत गाणी ऐकवणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांनी तिथल्या नव्या हक्क-संस्थेकडे, म्हणजे गाण्यांचं मानधन गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे, सुमारे 42 कोटी 40 लाख डॉलर जमा केले. हे पैसे गीतकार-संगीतकारांचे होते, पण कोणाचे ते जुळवता आलेलं नव्हतं. लहान भाषांमध्ये हे आणखी सहज घडू शकतं. गाणं अपलोड होतं ते गायकाच्या नावाने. शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाजवलं कोणी, हे रकाने रिकामेच. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक जाणकार माणूस बसवा, जो येणाऱ्या कलाकाराची गाणी नोंदवून देईल, करार वाचून दाखवेल, कुठे सही करू नये ते सांगेल. मी गेली दोन वर्षं रविवारी सकाळी ओळखीच्यांसाठी हे करतोय. गेल्या महिन्यात एका बाईंच्या अकरा गाण्यांची नोंद केली. चाली त्यांच्याच, आणि एकाही गाण्यावर त्यांचं नाव नव्हतं.