काच वर येईल तर शपथ!
पावसाळा लागला की आमच्या जुन्या गाडीची ड्रायव्हरकडची काच हमखास रुसते. खाली जाते सुसाट, वर यायचं नाव नाही. बटण दाबलं की दारातून नुसतं घर्र घर्र. म्हणजे मोटर ठणठणीत आहे, आत केबलने वरखाली सरकणारी, काच धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटलीय. पण हे गॅरेजवाल्याला सांगून बघा! "साहेब, अख्खा सेटच टाकावा लागेल." अहो, बोटभर प्लास्टिकसाठी मोटरसकट सगळं? बरं, टाकला, तरी कडेचं वाळून कडक झालेलं रबर तसंच. त्यात सिलिकॉन स्प्रे मारायचा सोडून हा पठ्ठ्या ग्रीस थापतो. त्यावर धूळ बसते, काच पुन्हा जड! शिवाय उघडलेलं दाराचं पॅड नीट बसत नाही, खड्ड्यागणिक खडखड फुकट. तोवर टोलनाक्यावर दोन्ही तळव्यांनी काच वर ओढत बसा.